सहा बोटांचा फरक

एका तालुक्याच्या गावी एक लहानसं कॉलेज होतं. वर्ग आठ, मास्तर बारा आणि मैदान एक. पण त्या मैदानावर बास्केटबॉलचं सिमेंटचं कोर्ट होतं आणि आसपासच्या चार तालुक्यांत तसं दुसरं नव्हतं. म्हणून मॅच बहुतेक तिथंच व्हायच्या.

त्या कॉलेजात भानुदास नावाचा मुलगा शिकत होता. शिकत कसला, खेळत होता. ताडमाड उंच, हात असे लांब की शर्टाची बाही कधी मनगटाला पोचली नाही. त्यानं बॉल हातात घेतला की बघणारे बोलायचे थांबत. बॉल वर जायचा आणि रिंगला न शिवता जाळीतून खाली यायचा. एका मॅचमध्ये त्यानं एकट्यानं अठ्ठेचाळीस गुण केले. प्रिन्सिपॉलसाहेबांनी तो आकडा त्याच्या नावासकट ऑफिसबाहेरच्या फळ्यावर ऑइलपेंटनं लिहून घेतला. त्याच्या आईला वाचता येत नव्हतं, तरी बाजाराला जाताना ती वाट वाकडी करून तो फळा बघून यायची.

बाहेरगावी गेला की त्याचे गुण निम्म्यावर यायचे, हेही खरंच. कधी वारा आडवा आला, कधी बॉल जड होता, कधी एसटीनं अंग आंबलं होतं. कारण तयार असायचं आणि मुलंही माना डोलवायची.

मैदान राखायला तुळशीराममामा होते, कॉलेजचे शिपाई. घंटा तेच द्यायचे, कोर्ट तेच झाडायचे, जाळी फाटली की तेच विणायचे. पहिल्या वर्षी लाजून कडेला उभ्या राहिलेल्या भानुदासच्या हातात पहिला बॉल त्यांनीच दिला होता.

राज्याच्या संघाची निवड जवळ आली. संघात जागा मिळाली की मागोमाग नोकरी, असं कळलं होतं, आणि भानुदासचं कॉलेजचं ते शेवटचं वर्ष. महिना उरला असताना एका दुपारी मामांनी त्याला मैदानावर बोलावलं. त्यांच्या हातात एक जुना बांबू होता.

"भाना, रिंग पहिल्यांदा बसवली तेव्हाच्या सरांनी मोजून हा बांबू तोडून दिला होता. बरोबर दहा फूट. लाव बघू रिंगखाली."

भानुदासनं लावला. बांबू सरळ उभा राहीना, तिरपाच राहिला.

"बांबू वाढला काय, मामा?"

"तोडलेला बांबू वाढत नाही, बाबा. जमीन वाढली. दरवर्षी गॅदरिंगच्या आधी भेगांवर सिमेंटचा नवा थर टाकतात. खांब जागच्या जागी राहिले आणि कोर्ट वर आलं. सहा बोटांचा फरक पडलाय. म्हणून बाहेर तुझा बॉल आखूड पडतो. सरांना सांगून रिंग वर घेऊ. महिनाभर त्या उंचीला हात बसव."

भानुदासला ते पटलं, पण तो दुसराच हिशोब करू लागला. रिंग वर घेतली की नेम चुकणार, गावासमोर चुकणार. आणि फळ्यावरचे ते अठ्ठेचाळीस? त्यांचं काय?

"निवड होऊ द्या, मामा. मग घ्या वर."

"मग कुणासाठी घ्यायची, भाना?"

मामांनी संध्याकाळी ते खेळाच्या सरांच्या कानावर घातलं. सरांनी सगळ्या मुलांसमोर भानुदासला विचारलं, "काय रे, मामा म्हणतात ते खरं का?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. भानुदास हसला. "सर, मामांच्या चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यातून त्यांना उद्या आभाळसुद्धा खाली आलेलं दिसेल."

मुलं खो खो हसली, सरही हसले. मोजायला टेप कुणी आणला नाही. भानुदास नाही म्हणतोय म्हणजे नाहीच. मामांकडचं मैदानाचं काम गेलं, नुसती घंटा राहिली. ते बांबू उचलून आपल्या घराकडे घेऊन गेले.

निवडीच्या दिवशी शहरात लाकडी कोर्ट होतं. वर छप्पर होतं, वारा नव्हता. बॉल हलका होता, अंग मोकळं होतं. एकही कारण हाताशी नव्हतं.

पहिला बॉल रिंगच्या पुढच्या कडेला आपटून त्याच्याच पायाशी आला. दुसराही तसाच. दहांतले दोनच जाळीत गेले. निवड करणारे एक म्हातारे गृहस्थ त्याच्याजवळ आले आणि मायेनं म्हणाले, "हात सुरेख आहे तुझा. पण सगळे बॉल सारखेच आखूड पडतात. आधी कुणी सांगितलं नाही का रे तुला?"

भानुदासनं मान खाली घातली.

"नाही," तो म्हणाला.

तो गावी परतला. मामांना भेटायचं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ, असं चाललं. मामा घंटेखाली उभे दिसले की तो मागच्या फाटकानं जायचा. परीक्षा झाली, कॉलेज सुटलं, भेट राहिली.

पुढे तीन वर्षांनी त्याच कॉलेजात तो कारकून म्हणून लागला. पहिल्याच दिवशी मामांच्या पाया पडायचं, असं ठरवून गेला, तर घंटा दुसराच माणूस देत होता. मामा श्रावणात वारले, असं त्यानं सांगितलं.

भानुदास मामांच्या घरी गेला. मामींनी ओळखलं. परसात तोच बांबू रोवलेला होता, त्यावर घेवड्याचा वेल चढवला होता.

"तुझं नाव निघायचं घरात," मामी म्हणाल्या. "म्हणायचे, महिना हातात होता, पोराचा हात बसला असता."

"आणखी काय म्हणायचे?"

"आणखी काही नाही. घंटा देऊन आले की दाराकडे बघत बसायचे. बांबू हवा तर ने, वेल वाळलाय."

त्यानं प्रिन्सिपॉलसाहेबांना सगळं सांगितलं, न लपवता. रिंग वर घेतली. फळ्यावरचा आकडा नावासकट स्वतःच्या हातानं पॉलिशपेपरनं घासून काढला. बाजाराला निघालेली आई नेहमीप्रमाणे तिथं आली, कोऱ्या फळ्याकडे बघून उभी राहिली आणि बाजाराच्या वाटेला लागली.

दुसऱ्या दिवशी मुलांनी ऑफिसात गर्दी केली. "भाऊसाहेब, रिंग उंच झाली. बॉल जाईना."

"उंच झाली नाही. जिथं होती तिथं गेली."

"आधी तर जात होता."

"माझाही जात होता," भानुदास म्हणाला.

सगळी पांगल्यावर त्यानं बांबू रिंगखाली लावून बघितला. ताठ उभा राहिला, धरायचीही गरज नव्हती. तरी भानुदास तो दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. दाखवायचं ज्यांना होतं, ते बघायला नव्हते.

तात्पर्य: आपली उणीव आपल्याला आधी सांगतो, तो आपला माणूस. चार लोकांत त्याला खोटं पाडून राखलेलं कौतुक गावाबाहेर टिकत नाही, आणि त्याची माफी मागायला उशीर केला तर ती मागायला माणूस उरत नाही.