टिचकुली घोरते, घुर्रऽऽ फूं!

शेताच्या बांधात एक बीळ. बिळात चिचुंद्र्या राहायच्या. आई, ताई, दादा आणि सगळ्यांत धाकटी टिचकुली. एवढीश्शी! तुमच्या अंगठ्याएवढी.

चिचुंद्र्या रात्री हुंदडतात, दिवसा झोपतात. झोपायचं कसं? सगळ्यांनी एकाच ढिगात! हिचं नाक तिच्या पोटाशी, त्याचं शेपूट हिच्या मानेवर. मस्त ऊब!

एकदा टिचकुलीला पडसं झालं. झोपेत ती घोरली. घुर्रऽऽ फूं! घुर्रऽऽ फूं!

"ए, झोप मोडली ना आमची!" दादा ओरडला.

"कोपऱ्यात झोप जा," ताई म्हणाली.

"पडसं जाईपर्यंतच हं बाळा," आई म्हणाली. आणि विसरूनच गेली.

पडसं गेलं. टिचकुली कोपऱ्यातच राहिली. टेकायला कुणी नाही, म्हणून उताणी झोपायची. उताणी झोपली की आणखीच घोरायची. घुर्रऽऽ फूं! की दादा म्हणायचा, "अजून लांब!"

कोपरा गार गार. टिचकुलीला फार एकटं वाटायचं. रडूच यायचं.

एक दिवस ती उठली आणि निघाली. लुटुलुटु लुटुलुटु. गेली कासवआजोबांकडे. आजोबा वैद्य होते.

"आजोबा, आजोबा, माझं घोरणं घालवा."

"झोपतेस कशी गं?"

"उताणी. टेकायला कुणी नाही ना."

"हात्तिच्या! कुशीवर झोप. पाठीशी उशी लाव, म्हणजे उलटणार नाहीस. सावरीच्या झाडाकडून कापूस आण, जा!"

लुटुलुटु लुटुलुटु. आली सावरीपाशी.

"सावरबाई, सावरबाई, कापूस द्या.
कापूस नाही, उशी नाही,
मला ढिगात कुणी घेईना!"

"कापूस कसला देतेय! सालीत अळी वळवळतेय. आधी सुतारपक्ष्याला सांग, अळी काढ."

लुटुलुटु लुटुलुटु.

"सुतारदादा, सुतारदादा, अळी काढा.
सावर कापूस देईना,
कापूस नाही, उशी नाही,
मला ढिगात कुणी घेईना!"

"कशी काढू? चोच बोथट झालीय. आधी धोंडूकाकाला सांग, चोच घासू दे."

धोंडूकाका म्हणजे ओढ्यातला मोठ्ठा दगड. लुटुलुटु लुटुलुटु.

"धोंडूकाका, धोंडूकाका, चोच घासू द्या.
सुतार अळी काढेना,
सावर कापूस देईना,
कापूस नाही, उशी नाही,
मला ढिगात कुणी घेईना!"

"अंगभर चिखल आहे माझ्या. आधी ओढ्याला सांग, मला धू."

लुटुलुटु लुटुलुटु.

"ओढेमामा, ओढेमामा, काकाला धुवा.
धोंडू चोच घासू देईना,
सुतार अळी काढेना,
सावर कापूस देईना,
कापूस नाही, उशी नाही,
मला ढिगात कुणी घेईना!"

"वाहू कसा? पाचोळ्यानं वाट अडवलीय. आधी वाऱ्याला सांग, पाचोळा उडव."

लुटुलुटु... लुटु... लुटु. पाय दुखले बिचारीचे. वारा बांबूच्या बेटात पडून होता. एकटाच.

"वारोबा, वारोबा, पाचोळा उडवा.
ओढा काकाला धुवेना,
धोंडू चोच घासू देईना,
सुतार अळी काढेना,
सावर कापूस देईना,
कापूस नाही, उशी नाही,
मला ढिगात कुणी घेईना!"

"मी नाही उठत," वारा म्हणाला. "माझ्याशेजारी कुणी झोपतच नाही. म्हणतात, फार आवाज करतोस."

"अय्या! मलापण हेच म्हणतात! मी झोपू तुमच्याशेजारी?"

आणि झोपली की! घुर्रऽऽ फूं! घुर्रऽऽ फूं!

वाऱ्याला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं! तो हसतच उठला. हूऽऽऽ!

पाचोळा उडाला. भुर्रर्र!
ओढा वाहिला. खळखळ खळखळ!
धोंडूकाका न्हाले. लख्ख!
सुतारानं चोच घासली. खस खस!
अळी काढली. टक टक टक!
सावरीचं बोंड फुटलं. फट्!
आणि कापूस आला खाली, अल्लद.

टिचकुलीनं गुबगुबीत उशी केली. घरी आली. ती गेली होती हे कुणाला कळलंही नव्हतं. ती गुपचूप कोपऱ्यात गेली. पाठीशी उशी लावली. कुशीवर झोपली.

आवाज नाही. काही नाही.

ढिगात चुळबुळ झाली.

"आज घुर्र नाही?" ताई म्हणाली.

"टिचकुली कुठाय?" दादा घाबरला. सगळे धावले. आईनं तिला हुंगलं.

"अगंबाई! केवढं गार पडलंय माझं लेकरू! चुकलं गं माझं, चुकलं!"

मग आई टिचकुलीला बिलगली. ताई आईला बिलगली. गार कोपऱ्यातच झाला ढीग! दादानं उशी पळवली आणि ऐटीत उताणा झोपला.

थोड्या वेळानं कोण घोरलं माहितीये? घुर्रऽऽ फूं!

दादा!

टिचकुली उठली. "लांब जा" म्हणाली का? छे! नाकानं ढोसून ढोसून तिनं त्याला कुशीवर वळवलं. आणि त्याच्या पाठीला पाठ लावून झोपली.

आता तुम्ही वळा बघू कुशीवर. हं, अस्सं. मी आहे इथे.