पायरीबायचा घड

फार जुनी गोष्ट. वसईकडच्या तळेभाट गावात तेव्हा विहिरींवर रहाट कुरकुरत, रेडे गोल फिरत आणि कुणाच्या घरी काय शिजतंय ते वासावरून साऱ्या आळीला कळे. त्या गावात एक बाई होती. बाप्तिस्म्याचं नाव नातल. पण लोक तिला पायरीबाय म्हणतात. का म्हणतात, ते ऐका.

रविवारी फादरांनी देवळात जे सांगितलं, ते नातल सोमवारी करून बघायची. भुकेल्याला जेवू घाला म्हणाले, तर हिने रस्त्यावरच्या फेरीवाल्याला ओढत आणून पाटावर बसवलं. "बाय, आत्ताच जेवलोय," तो म्हणत राहिला, पण ऐकतंय कोण! असं म्हणतात, की तिच्या धाकाने फादर प्रवचन जपून करत.

एका ठिकाणी मात्र घोडं पेंड खात होतं. तिची थोरली जाऊ, कोंसूबाय. कुंपणापलीकडे घर, मध्ये दोघींची विहीर. एकदा नातलचा रेडा सुटला आणि कोंसूची नुकती लावलेली केळ फस्त करून आला. कोंसू ओरडली, "रेडा थेट मालकिणीवर गेलाय गं!" नातल उसळली, "तुझ्या अंगणात पुन्हा पाय ठेवला, तर नाव बदलीन!" तेव्हापासून बोलणं बंद. रहाट कुणी फिरवायचा यावरून तोही बंद. चाक जाम झालं, पाणी तळाला गेलं.

कोंसूची लेक फिलू काकीच्याच कडेवर वाढलेली. तिचं लग्न ठरलं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीच्या आंघोळीचं पाणी विहिरीवरून वाजतगाजत आणायचं आणि पहिली घागर काकीने भरायची, ही तिथली रीत. फिलूने आईला बजावलं, "काकी आली नाही, तर मी बिनआंघोळीची देवळात उभी राहीन. मग बसा नाक धरून!" हे कुंपणातून नातलच्या कानावर आलं. जीव तुटला, पण पाय उचलेना.

लग्नाच्या त्या आदल्याच दिवशी सुगीचा सण होता. बागेतलं पहिलं पीक घेऊन सगळे देवळाच्या पायऱ्यांवर रांगेत उभे होते, सर्वांत पुढे डोक्यावर हिरवागार केळीचा घड घेतलेली नातल. आतून फादरांचा आवाज आला, "वेदीपाशी दान आणलंस आणि भावाचं मन आपण दुखवलंय हे आठवलं, तर दान तिथंच ठेव. आधी जा, गोडी कर, मग ये."

नातलने घड तिथंच पायरीवर ठेवला आणि मागे वळली.

मागच्या पेद्रूच्या हातात भोपळा. "अगं, पुढे हो ना!"

"फादर म्हणाले आधी जा. मी चालले."

देवाचं दान ओलांडायचं कसं? पेद्रूने भोपळ्याकडे पाहिलं, त्याला त्याचा रुसलेला जावई आठवला. त्यानेही भोपळा ठेवला. मग नारळ, अंडी, कोंबडीसुद्धा. बघता बघता सारी रांग पांगली.

फादर घाबरले. "इनास, मी काही वावगं बोललो का रे?"

घंटा वाजवणारा म्हातारा इनास म्हणाला, "नाही फादर. आज लोकांनी ऐकलं. सवय नाही, गोंधळ होणारच."

तिकडे कोंसू लग्नाचे वडे तळत होती. कुंपणाच्या फटीत नातल उभी, एक पाय उचललेला. पुढचं बोलणं कुंपणाआडून कितीतरी कानांनी ऐकलं, म्हणून तर ते आपल्यापर्यंत आलं!

"देवळातून मध्येच आलीस? घड कुठंय?"

"पायरीवर." नातलने पाय अंगणात टेकवला. "केळ माझ्याच रेड्याने खाल्ली गं. चुकले मी."

कोंसूने झारा खाली ठेवला. "मीही नको ते बोलले." मग डोळे पुसत हसली. "आता नाव बदलावं लागणार तुला. ये, पायरीबाय!"

दोघी हात धरून देवळाशी परतल्या, तर हिरवा घड सोन्यासारखा पिवळा झालेला. आणि असं म्हणतात, की संध्याकाळी वाजंत्री विहिरीपाशी पोचायच्या आधी रहाट आपणहून फिरू लागला आणि पाणी असं वर आलं, की पायरीबायने दोराशिवाय, नुसती वाकून घागर भरली. फिलू न्हाऊन आली ती आधी काकीच्याच गळ्यात पडली.

आजही तळेभाटात सुगीच्या सणाला पहिला घड पायरीवर ठेवतात. प्रवचन संपलं की फादर निवांत बसतात आणि लोक आपापल्या रुसलेल्यांकडे जातात. ज्याचं कुणाशी बिनसलेलं नाही त्याने घड राखत बसायचं, असा नेम आहे. पण असं म्हणतात, की घड राखायला आजवर एकही माणूस मागे उरलेला नाही.