जयवंतरावांची सायकलवाट

“पण माई, सायकलींना वेगळी वाट करायची, तर जागा आणायची कुठून?”

नगरपरिषदेचे अभियंता जयवंत तारळेकर एरवी प्रश्न ऐकून घेणारे गृहस्थ नव्हेत. त्यांच्याजवळ उत्तरं तयार असत. आज मात्र टेकडीखालच्या मठात येऊन ते गिरजामाईंपुढे मांडी घालून बसले होते.

माई डाळ निवडत होत्या.

“रस्ता केवढा हाय तुझा?”

“ऐसपैस आहे!” जयवंतराव खुलले. “पूर्वी समोरून एसटी आली की बैलगाडी चरात जायची. आता दोन ट्रक शेजारून जातात, वर दोन्ही कडांना गाड्या लावायला जागा उरते. मी रुंद केला तो, माई.”

“मग अडलं कुठं?”

इथे त्यांचा आवाज खाली आला.

त्यांची भाची कावेरी त्याच रस्त्यानं सायकलवरून शाळेला जायची. एकदा मागून ट्रक आला. पोर कडेला घ्यायला गेली, तर कडेला गाड्या उभ्या. पडली. हात मोडला, तो जुळलाही. पण बहिणीनं सायकल माळ्यावर टाकली आणि दहावीतली पोरगी घरी बसवली. मामानं तिला शब्द दिला होता, की तुझ्यासाठी वेगळी वाट करतो.

शब्द द्यायला निधी लागत नाही, वाटेला लागतो.

“कडेची शेतं विकत घ्यावी लागतील, माई. वरून पैसा मिळत नाही, प्रस्ताव परत येतो. आमदार तुमच्या शब्दाबाहेर नाहीत. तेवढं त्यांच्या कानावर घाला. पोर रोज विचारते हो... मला तोंड दाखवायला जागा नाही.”

माईंनी डाळीतला खडा उचलून बाजूला टाकला.

“आधी जेव.”

मागितलं काय आणि मिळतंय काय! पण मठात जेवणाला नाही म्हणत नाहीत. जयवंतराव ओवरीत पंगतीला बसले. सवयीप्रमाणे ऐसपैस बसले, शेजारी नकाशांची गुंडाळीही ठेवली. ओवरी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भरली. भात वाढून झाला.

तेवढ्यात दारात एक म्हातारी आली. बरोबर दोन नातवंडं.

जयवंतरावांनी एका नजरेत ओवरी मोजली. तो त्यांचा धंदाच.

“माई, जागा कमी पडते तुम्हाला. पुढं पत्रे टाकून घ्या, खर्चाचं मी बघतो. आजच्या दिवस यांना पुढच्या पंगतीला बसवा.”

“हितं पुढची पंगत नसती.”

माई तीन पत्रावळी घेऊन जयवंतरावांच्या समोर उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्या...

आता या बाई करणार तरी काय? जयवंतराव कुतूहलानं बघू लागले.

डावीकडच्या माणसानं गुडघा आवरला. त्याच्या पलीकडच्यानं पान ओढून घेतलं. मग त्याच्या पलीकडच्यानं. पत्रावळींची सरसर पार भिंतीपर्यंत गेली. कुणी उठलं नाही, कुणी कुरकुरलं नाही.

सगळी पंगत सरकली. राहिले एकटे जयवंतराव.

त्यांचे कान तापले. नकाशे उचलून त्यांनी मांडीवर घेतले आणि ते बाजूला झाले. म्हातारी आणि नातवंडं अलगद बसली. धाकट्याचं कोपर त्यांच्या कुशीला लागत होतं.

दोन घास झाले. तिसऱ्याला हात थांबला...

त्यांच्या डोळ्यांपुढे रस्ता आला. दोन्ही कडांना उभ्या असलेल्या गाड्या. व्यापाऱ्यांच्या, पुढाऱ्यांच्या. नगरपरिषदेच्या दारातली खुद्द त्यांची जीप.

“माई,” ते हळूच म्हणाले, “कडेच्या गाड्या हटवून वाट केली, तर सगळे अंगावर येतील माझ्या. म्हणतील, यानंच रुंद केला आणि यानंच अरुंद केला.”

माई वरणाचं पातेलं घेऊन पंगतीतून येत होत्या. त्यांनी आधी म्हातारीला वाढलं, पोरांना वाढलं. मग जयवंतरावांपुढे वाकल्या.

“जयवंता, सरकलास तवा पान बारकं झालं का रं तुझं?”