झाड उतरलं

घाटमाथ्यावरच्या धामणघळ गावाजवळ, टेकडीपलीकडच्या मठात तेव्हा वाकळे महाराजांचा मुक्काम होता. अंगावर ठिगळांची एक वाकळ, हातात टाळ आणि ओठांवर नाम, एवढाच त्यांचा संसार. पण भाविकहो, त्या एका वाकळीच्या उबेला किती जीव सुखावले, त्याची गणती कोण करील!

धामणघळात राणू नावाचा लाकूडतोड्या होता. कामाला संथ, आणि बोलायला तर त्याहून संथ. दर गुरुवारी मठात मोळी टाकावी, महाराजांच्या पायांवर डोकं ठेवावं आणि गुपचूप परतावं, अशी त्याची भक्ती.

गावाला पाणी एकाच टाक्याचं. उताराच्या पायथ्याशी, कातळात खोदलेलं. त्याच्या बरोबर वर ऐनाचं एक थोरलं झाड दोन वर्षांपासून वाळून उभं होतं, आणि कललंही होतं नेमकं टाक्याकडेच. एके दिवशी पाण्याला आलेल्या सारजाबाईच्या घागरीवर मांडीएवढी फांदी कोसळली. घागर चेपली, बाई थोडक्यात वाचली. झाड काढायचं ठरलं, पण टाक्याला धक्का लागेल या धास्तीनं कुऱ्हाड हाती घ्यायला कुणी तयार होईना. शेवटी राणू पुढे झाला.

हैबतराव पाटलांनी मिशीला पीळ देत सगळ्यांसमोर बजावलं, "टाक्याचा टवका जरी उडाला, तरी बायकापोरं घिऊन गाव सोडायचं. हाय कबूल?"

राणूनं मान हलवली. त्यानं थेट मठ गाठला.

"म्हाराज, झाड पाडायचं हाय. हात कापत्यात बगा."

महाराज म्हणाले, "पाडू नकोस रे. उतरव. जन्मभर सावली दिली त्यानं. म्हाताऱ्या माणसाला पायरीवरून उतरवतात, तसं त्याला उतरव. घाई करू नकोस. तू वरच्या अंगाला उभा राहा. खालच्या अंगाला मी आहे."

राणूनं ते बोल मनाशी गाठ मारून ठेवले. दोन दिवस त्यानं झाडाला कुऱ्हाडीची धारच लावली नाही. कुऱ्हाडीच्या पाठीनं खोड ठोकून, कान लावून, कुठे पोकळ आणि कुठे भरीव ते तपासलं. निसटायला वरच्या बाजूनं वाट साफ केली. शेंड्याजवळ जाड दोर बांधून तो चढावरच्या जिवंत जांभळीला ताणून आवळला, म्हणजे झाड सरळ टाक्यावर न जाता उताराला आडवं पडावं.

"काय रं राणू, अजून इचारपूस चाललीय व्हय?" पाटील रोज येऊन टोमणा मारत.

"उतरवायचं हाय, पाटील. दमानं घ्याया पायजे."

"उतरवायचं! घोड्यावरचा नवरदेव हाय का त्यो?" पाटील मोठ्यानं हसले, आणि त्यांच्याबरोबर जमलेले लोकही हसले. राणूनं मान खाली घातली. वाईट वाटलंच त्याला. का नाही वाटणार!

तिसऱ्या दिवशी दुपारी राणूनं सगळ्या गावाला चढावर उभं केलं. महाराजांचं नाव घेतलं आणि ज्या अंगाला झाड आणायचं, त्या अंगाला खाच घेतली. मग मागून घाव घालू लागला. खाच आणि घाव यांच्यामध्ये चार बोटं लाकूड शाबूत ठेवायचं, म्हणजे तेच झाडाला धरून हळूहळू वळवतं. काम अगदी जमत आलं होतं.

एवढ्यात खालच्या पायवाटेनं पाटील वर आले आणि कललेल्या खोडाच्या बरोबर खाली उभे राहून ओरडले, "आरं, उतरला का न्हाई तुजा नवरदेव?"

"पाटील, मागं व्हा! मागं व्हा!"

कड्कन आवाज झाला. दोर तुटला! झाड टाक्याकडे झुकलं. पाटलांचे पाय जागच्या जागी खिळले. राणूला साफ केलेली वाट समोर दिसत होती. पण त्यानं कुऱ्हाड फेकली आणि तो उताराकडे धावला.

"म्हाराज, धरा!"

आणि काय सांगावं! ते अवाढव्य झाड अधांतरी थबकलं. दोर नाही, टेकू नाही. चार बोटं लाकडाच्या आधारावर एवढा भार कधी थांबतो का? पण थांबला! राणूनं पाटलांच्या कमरेला मिठी घातली आणि त्यांना फरफटत बाजूला नेलं. दोघे बाहेर पडले मात्र, झाड सावकाश वळलं आणि टाक्याच्या कडेला आडवं निजलं. काठावर तशीच राहिलेली सारजाबाईची चेपलेली घागर कलंडलीसुद्धा नाही. फक्त पाटलांचं पागोटं, ते उभे होते त्याच जागी, खोडाखाली चिरडलं होतं.

"उतरलं! झाड उतरलं!" सगळा गाव नाचू लागला.

पाटील उघड्या डोक्यानं मठाकडे निघाले. मागून राणू, त्याच्या मागून गाव. मठाच्या दारातच शिष्य कासावीस होऊन सांगू लागला, "दुपारी निरूपण सांगताना महाराज एकाएकी उठले. भिंतीपाशी जाऊन खांदा वर करून उभे राहिले. घामानं निथळत म्हणाले, 'लवकर काढ रे त्याला!' आम्हाला काही कळेना."

राणूनं महाराजांची वाकळ बाजूला केली. उजव्या खांद्यावर लाल वळ उठले होते, ऐनाच्या सालीसारखेच चौकोनी, भेगाळलेले. जन्मभर ती साल हाताळलेला माणूस तो. त्याला ओळखायला कितीसा वेळ लागणार? तो ढसाढसा रडू लागला.

पाटलांनी जमिनीवर लोटांगण घातलं. "म्हाराज, झाड उतरीवलंत. आता मलाबी उतरवा. लई वर चढून बसलो हुतो."

महाराजांनी हसून त्यांच्या उघड्या डोक्यावर हात ठेवला. "पाटील, तुम्ही तर मघाशीच उतरलात. झाडाखालून तुम्हाला कुणी आणलं, त्याच्याकडे बघा."

पाटील उठले, वळले आणि साऱ्या गावादेखत राणूच्या पायांवर वाकले.