पहिला घास

"पण मग त्याला पकडायला पोलीस कुठून येणार, बुवा?"

केरबाबुवांनी पुढची पत्रावळ उचलली. ते मठाच्या ओट्यावर पत्रावळी पुसत होते.

विचारणारा निशांत. शहरात वकिली शिकणारा, बोलण्यात घमेंड. देशादेशांमधला कायदा हा त्याचा विषय. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "हा कायदा आहे का?" निशांत म्हणाला, "नाही." नापास झाला. सोमवारी पुन्हा परीक्षा होती. या खेपेलाही नापास झाला, तर वडील पिठाच्या गिरणीवर बसवणार होते.

"एका देशानं दुसऱ्याची जमीन बळकावली," निशांत म्हणाला. "न्यायालय म्हणालं, सोड. तो सोडत नाही, नुसती कारणं सांगत बसतो. त्याच्या वर कोणी नाही. मग कायदा कसला?"

"पुस्तक काय म्हणतं?"

"पुस्तक म्हणतं, कायदा आहे. पुढच्याच पानावर म्हणतं, तो चालवणारा कोणी नाही."

"मग दोन्ही खरं असेल."

"दोन्ही कसं खरं असेल?"

"चल, पंगत बसली."

आमच्या मठात शेवटच्या पानावर भात पडून श्लोक होईपर्यंत कोणी पानाला हात लावत नाही. असं कुठे लिहिलेलं नाही. मी तिथला वाढपी. भाताची परात घेऊन मी रांगेच्या मध्यावर होतो. टोकाला म्हातारी गोदाक्का बसली होती. तिचं पान रिकामं होतं.

बुवांनी निशांतला जवळ बसवलं.

"इथं पोलीस आहे?"

"नाही."

"कोणी काठी घेऊन उभा आहे?"

"नाही."

"मग जेव."

निशांत हसला. "तेच तर म्हणतोय मी. ही नुसती रीत आहे, बुवा. कायदा नव्हे."

त्यानं भात कालवला आणि पहिला घास तोंडात घातला.

पंगत गप्प झाली...

माझ्या पंगतीत असं कधी झालं नव्हतं. मी परात धरून तसाच उभा राहिलो. कोणी ओरडलं नाही. कोणी त्याला उठवलं नाही. गोदाक्कानं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि आपल्या रिकाम्या पानाकडे पाहू लागली.

निशांतचं चावणं मंदावलं.

"सकाळपासून उपाशी आहे मी," तो म्हणाला.

समोरच्यानं आपलं पान सरळ केलं.

"एसटी चुकली. वाटेत चहासुद्धा मिळाला नाही."

...

"आणि मला बुवांनीच सांगितलं, जेव म्हणून. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय."

त्याचा हात पानावरून मागे आला. मी पुढे सरकलो. गोदाक्काच्या पानावर भात पडला. श्लोक झाला. सगळे जेवू लागले. निशांत तसाच बसून होता.

"बुवा, मी रीत मोडली," तो हळूच म्हणाला. "कोणी काहीच केलं नाही. म्हणजे माझंच बरोबर ना?"

बुवा आमटी ओरपत होते.

"की चूक?"

बुवा ओरपतच राहिले.

"अहो, सोमवारी सरांना सांगू काय?"

बुवांनी त्याच्या पानावर मिठाची चिमूट ठेवली.

"शिक्षा करणारा कोणी नव्हता. खरं आहे. मग एसटी चुकल्याचं कुणाला सांगत होतास?"