पांढऱ्या लुगड्यावर बसवलेली मुलगी

एकदा एक बाई गोदा नावाच्या आपल्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन एका वृद्ध शल्यवैद्येच्या दारी आली. पोरीला बसायला तिने घरूनच गोणपाट आणले होते. दुसऱ्याची खुर्ची कशाला बाटवायची, म्हणून.

"दिवसरात्र कपडे ओले असतात, बाई," आई म्हणाली. "मारून झालं, नवस बोलून झाले. दुपारनंतर पाणी बंद केलं. पोरं नाक धरतात म्हणून मास्तरांनी निरोप धाडलाय, हिला शाळेत पाठवू नका. हिचे वडीलही म्हणतात, घरीच राहू दे."

गोदा मान खाली घालून एवढेच म्हणाली, "मी करत नाही. ते आपोआप येतं."

"बघा, वर खोटंही बोलते."

वृद्धेचा शिष्य हुशार होता, आणि हुशारांना घाई असतेच. आईने सोबत आणलेल्या सोनोग्राफीच्या जुन्या अहवालात दोष दिसला नव्हता. "सवय आहे ही. गोळी देतो, पाणी कमीच ठेवा," म्हणत तो लिहूही लागला.

वृद्धेने त्याचा हात धरला. तिने गोदाला पोटभर पाणी पाजले, लघवीला पाठवले, कोरडे कपडे घालायला लावले. मग आपले घडी न मोडलेले पांढरे लुगडे बाकावर अंथरून तिला त्यावर बसवले. शिष्य गोंधळला. आई तर घाबरलीच.

"बाई, लुगडं खराब होईल."

"होऊ दे. लुगडं धुता येतं. पोरीच्या मनावर डाग पाडलेत, ते कुठे धुणार आहेस?"

मग ती गोदाशी शाळेतल्या गोष्टी बोलत बसली. काही वेळाने तिने विचारले, "लघवी लागलीय का गं?"

"नाही."

"मग ऊठ बघू."

लुगड्यावर ओला डाग होता.

वृद्धा शिष्याला म्हणाली, "नीट बघ. मूत्राशय आत्ताच रिकामं झालंय, तिला लागलेलीही नाही, तरी हे ओलं. सवयीचं पोर मधल्या वेळात कोरडं असतं. ही वेळेवर जातेही आणि कोरडी कधीच नसते. म्हणजे मूत्रपिंडातून येणारी एखादी नळी मूत्राशयात न शिरता बाहेरच्या बाजूला उघडत असणार. दाराबाहेरून वाहणाऱ्या पाण्याला ती आतून कडी कशी लावणार? हा दोष क्वचित सापडतो, म्हणून कुणी शोधत नाही; आणि मुलीच्या जातीला दटावणं सोपं असतं. तू तिच्या आईला विचारलंस, कागदाला विचारलंस. रोगाचं निदान तर पोरीने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं रे."

शिष्याने लिहिलेला कागद फाडला.

पुढच्या बारीक तपासणीत ती चुकल्या वाटेची नळी सापडली. शस्त्रक्रिया करून ती मूत्राशयाला जोडली, आणि गोदा जन्मात प्रथमच कोरडी राहिली.

घरी निघताना आई वृद्धेच्या पाया पडायला वाकली. वृद्धेने पाय मागे घेतले.

"माझ्या कसली पाया पडतेस? मला तर तिनेच सांगितलं. तिला काय म्हणायचं ते म्हण."

आई गोदाकडे वळली. ती म्हणाली, "तू खरं बोलत होतीस गं, गोदे."

गोदा हळूच सरकली आणि आईला टेकून उभी राहिली.

लेकरावर हात उगारण्याआधी, ते म्हणतंय तेच खरं असलं तर काय, एवढं तरी स्वतःला विचारावं.