खड्ड्यात पडला शेणाचा गोळा

एक होती शेणकिडी. एवढीशी. चिंचोक्याएवढी. काळी कुळकुळीत.

तिने केला होता शेणाचा गोळा. छान गोल गोल. हसू नका हं. तुमचं बाळ पाळण्यात झोपतं, तिचं बाळ शेणाच्या गोळ्यात झोपतं. आत मऊ असतं, ऊबदार असतं.

शेणकिडी गोळा ढकलत घरी निघाली. पुढचे पाय जमिनीवर, मागचे पाय गोळ्यावर. उलटी उलटी. गरगर गरगर. घर होतं रस्त्याच्या पलीकडे.

रस्त्यात होता खड्डा. उलटं चालणाऱ्याला खड्डा दिसणार कसा? गरगर गरगर... टुबुक. गोळा गेला खड्ड्यात.

शेणकिडी खाली उतरली. तिने गोळा ढकलला, ढकलला, ढकलला. वर येईचना. खडी निसटायची. गोळा घसरायचा, शेणकिडीही घसरायची.

तेवढ्यात आला ट्रक. धाडधाड धाडधाड. चाक खड्ड्यात. धप्प! गोळा कोपऱ्यात होता म्हणून वाचला. पुढचा ट्रक आला तर वाचेल का?

शेणकिडी म्हणाली,
"खड्ड्या खड्ड्या, गोळा दे.
गोळ्यात माझं बाळ आहे."

खड्डा म्हणाला, "मी नाही देत. मी उपाशी आहे. लोक माती टाकतात, ती वाहून जाते. विटा टाकतात, त्या उडून जातात. माझं पोट भर. डांबर आण. मग देतो."

शेणकिडी निघाली. टुकुटुकु टुकुटुकु. रस्त्याच्या कडेला होतं पिंप. पिंपात होतं डांबर.

"डांबरा डांबरा, खड्ड्यात चल.
खड्डा माझा गोळा देईल.
गोळ्यात माझं बाळ आहे."

डांबर म्हणालं, "मी नाही येत. मागे गेलं होतं. पाण्यानं उखडून टाकलं. त्याच्याही आधी गेलं होतं. तेव्हाही उखडलं. माझ्या एकट्याच्यानं होत नाही बाई. प्लास्टिकचा चुरा आण. तो माझ्यात मिसळला की मी घट्ट धरून बसेन. मग येतं."

शेणकिडी निघाली. टुकुटुकु टुकुटुकु. शेडमध्ये होतं चुरा करायचं यंत्र. मोठ्ठं तोंड, आत पातीच पाती.

"यंत्रा यंत्रा, चुरा दे.
चुरा डांबराला देईन.
डांबर खड्ड्यात जाईल.
खड्डा माझा गोळा देईल.
गोळ्यात माझं बाळ आहे."

यंत्र म्हणालं, "मी नाही देत. मी काय हवा कापू? पिशव्या आण. जुन्या चालतील, फाटक्या चालतील. ओल्या नकोत, चिखलाच्या नकोत. मग देतं."

आता स्वच्छ पिशव्या कुणाकडे? वेणूकाकूंकडे. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक खिळा. खिळ्याला एक पिशवी. पिशवीत पिशव्या. दुधाच्या, साखरेच्या, साडीच्या दुकानातल्या. काकू प्रत्येक पिशवी धुतात, वाळवतात, घडी घालतात आणि म्हणतात, "असू दे. लागेल कधीतरी." तुमच्याही घरी दारामागे बघा बरं.

शेणकिडी निघाली. टुकु टुकु. टुकु टुकु. पाय दुखायला लागले होते.

"काकू काकू, पिशव्या द्या.
पिशव्या यंत्राला देईन.
यंत्र मला चुरा देईल.
चुरा डांबराला देईन.
डांबर खड्ड्यात जाईल.
खड्डा माझा गोळा देईल.
गोळ्यात माझं बाळ आहे."

काकू म्हणाल्या, "अगं बाई, देईन की. पण अशा नाही देत. कुणी उकिरड्यावर फेकल्या तर? कचरा वेचणारी सगुणा दारात गाडी घेऊन यायची, तिच्या हातात द्यायचे मी. हल्ली ती येतच नाही. तिची गाडी दारात येऊ दे. मग देते."

शेणकिडी निघाली. टुकु... टुकु... टुकु. झाडाखाली सगुणामावशी बसली होती. शेजारी तिची ढकलगाडी. गाडी रिकामी.

"मावशी मावशी, गाडी आण.
काकू तुला पिशव्या देतील.
पिशव्या यंत्राला देईन.
यंत्र मला चुरा देईल.
चुरा डांबराला देईन.
डांबर खड्ड्यात जाईल.
खड्डा माझा गोळा देईल.
गोळ्यात माझं बाळ आहे."

सगुणामावशी म्हणाली, "कशी आणू गं? त्या खड्ड्यात माझ्या गाडीचं चाक मोडलं. कसंबसं तारेनं बांधलंय. परत मोडलं तर मी खाऊ काय? खड्डा भरू दे. मग येते."

झालं. पुन्हा खड्डा.

शेणकिडी निघाली. टुकु... टुकु... आता टुकुसुद्धा होईना. खड्ड्याच्या काठाशी आली.

"खड्ड्या खड्ड्या, भर ना रे.
मावशी तिची गाडी आणेल.
काकू तिला पिशव्या देतील.
पिशव्या यंत्राला देईन.
यंत्र मला चुरा देईल.
चुरा डांबराला देईन.
डांबर तुझ्यात येईल.
तू माझा गोळा देशील.
गोळ्यात माझं बाळ आहे."

खड्डा म्हणाला, "माझा मी कसा भरू गं?"

पुन्हा ट्रक आला. धाडधाड धाडधाड. धप्प! शेणकिडीने डोळे मिटले. उघडले. गोळा होता. पण गोल नव्हता. एका बाजूने चेपला होता. त्याला चीर गेली होती.

शेणकिडी रडली. खूप रडली. खड्डा खोटं बोलत नव्हता. डांबरही नाही, यंत्रही नाही. काकू वाईट नव्हत्या, मावशी वाईट नव्हती. सगळ्यांचं खरं होतं आणि बाळ खड्ड्यातच होतं. आता कुणाकडे जायचं? कुणी उरलंच नव्हतं.

वर ऊन तापलं. शेणकिडी कशीबशी काकूंच्या उंबऱ्याच्या सावलीला गेली. काही मागायला नाही गेली. नुसती जाऊन बसली. बसल्या बसल्या पुटपुटायला लागली.

"बाळ गोळ्यात. गोळा खड्ड्यात. खड्ड्याला हवं डांबर. डांबराला हवा चुरा. यंत्राला हव्यात पिशव्या. पिशव्या काकूंकडे. काकूंना हवी गाडी. गाडीला नको खड्डा. खड्ड्यात गोळा. गोळ्यात बाळ."

काकू उंबऱ्याशी तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"परत म्हण गं," काकू म्हणाल्या.

शेणकिडीने परत म्हटलं. आवाज अगदी बारीक झाला होता. काकूंना खाली वाकून ऐकावं लागलं.

"गाडी माझ्या दारात येत नाही," काकू म्हणाल्या. "बरोबर आहे तिचं. पण मला पाय आहेत की. मीच गाडीपाशी गेले तर?"

शेणकिडीने मान वर करून पाहिलं. तिला खरंच वाटेना.

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. खिळ्यावरची पिशवी काढली. मग एक पिशवी काढून परत खिळ्याला अडकवली. म्हणाल्या, "असू दे, लागेल." शेणकिडीकडे पाहिलं. तीही काढली. उन्हातान्हात निघाल्या. चटक फटक, चटक फटक. खड्ड्याला वळसा घालून झाडाखाली गेल्या.

"काकू, तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब?" सगुणामावशी म्हणाली.

"मी आधीच यायला हवं होतं गं," काकू म्हणाल्या. "घे सगळ्या."

मग काय झालं?
काकूंनी पिशव्या दिल्या मावशीला.
मावशीने पिशव्या दिल्या यंत्राला.
यंत्राने केला चुरा. खर्रर्र खर्रर्र.
चुरा पडला पिंपाशेजारच्या कढईत, तापल्या खडीवर, वरून आलं डांबर, सगळं छान मिसळलं.
डांबर आलं खड्ड्यापाशी. गरम गरम. वाफा निघत होत्या.

"थांबा," शेणकिडी ओरडली. "आधी माझा गोळा."

खड्ड्याने तोंड उघडलं. टुपुक. गोळा बाहेर.

मग डांबर खड्ड्यात बसलं. रोलर आला. घर्रर्र घर्रर्र. खड्ड्याचं पोट भरलं. तो गप्प झाला. सगुणामावशीने गाडी हळूच त्याच्यावरून नेली. चाक मोडलं नाही.

पण शेणकिडीचं कशाकडेच लक्ष नव्हतं. गोळा चेपला होता. गोळ्याला चीर होती. तिने गोळ्यावर पाय ठेवला. आत काहीच हलेना. ती थांबली. अजून थांबली. काकूही थांबल्या. मावशीही गाडी सोडून परत आली.

आणि मग आत, अगदी आत, कुणीतरी कूस बदलली.

शेणकिडीने चीर शेणाने लिंपून टाकली. पुढचे पाय जमिनीवर, मागचे पाय गोळ्यावर. गरगर गरगर. गरगर गरगर.

"झोप बाळा," ती म्हणाली. "आलंच आपलं घर."